एका टेस्टनं ल्युपस कळत नाही, जुनी फाईल काढा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्याच्या पानावर ल्युपसवर, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते त्या आजारावर, एक चौकट आली होती, तिच्या शेवटी 'एएनए ही रक्ताची एकच तपासणी केली की निदान होते' असं वाक्य होतं, त्या वाक्यासाठी हे पत्र. बाकी मजकूर बरा होता, गालावर फुलपाखरासारखा डाग असलेलं चित्र पण चांगलं होतं, फक्त ते चित्र एका गोऱ्यापान परदेशी बाईचं होतं आणि त्यावर पण मला बोलायचंय, पण आधी ते वाक्य.

मी डॉक्टर नाही. सांगोल्यात सव्वीस वर्षं लॅब चालवतो, डीएमएलटी म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा झालोय, रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट सरांची सही असते, निदान करणं माझं काम नाही आणि ते मी करतही नाही. तरी लिहायला बसलो कारण माझ्या सख्ख्या बहिणीचा ल्युपस साडेतीन वर्षं माझ्याच रजिस्टरमध्ये पडून होता, माझ्याच अक्षरात, आणि मला दिसला नाही.

बहीण धाकटी, घरात सगळे बेबी म्हणतात, इथून पंधरा किलोमीटरवर दिलीय, डाळिंबाची बाग आहे त्यांची. २०१७ चा पावसाळा संपता संपता तिला ताप आला आणि हातपाय धरले. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटंच वळायची नाहीत, भाकरी थापता येईना म्हणून सासूबाई करायच्या. तेव्हा गावात चिकनगुनिया चालूच होता, घरटी एक माणूस लंगडत होता, त्यामुळं हा पण चिकनगुनियाच असं डॉक्टर म्हणाले आणि मी पण म्हणालो. पांढऱ्या पेशी ३१००, प्लेटलेट ९६ हजार, दोन्ही कमी, पण साथीत असे आकडे मी दिवसाला दहा बघायचो. दुखणं तीन-चार महिने राहिलं, तर चिकनगुनियात राहतंच की, त्यात काय विशेष.

२०१८ ला तिला दिवस गेले. पहिल्या तपासण्यांमध्ये व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही गरमीची म्हणजे सिफिलिसची टेस्ट. सख्ख्या भावानं आपल्या बहिणीच्या नावापुढं असला रिपोर्ट लिहायचा म्हणजे काय ते विचारू नका, मी ती टेस्ट तीनदा लावली, तीनदा हलकी पॉझिटिव्ह. दाजींचं रक्त घेतलं, ते निगेटिव्ह. मग टीपीएचए, म्हणजे गरमीची खात्री करायची दुसरी टेस्ट, पुण्याला पाठवली, ती निगेटिव्ह आली म्हणजे गरमी नाहीच, आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तो कागद फाईलमध्ये गेला. व्हीडीआरएल मग खोटी पॉझिटिव्ह आली तरी का, हे कुणी विचारलंच नाही. मी लॅबवाला, मला माहीत असायला पाहिजे होतं. त्या टेस्टमध्ये आपण जंतू शोधतच नाही, कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ वापरतो, आणि ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात नेमकी अशाच पदार्थांविरुद्धची अँटिबॉडी असते. तीच अँटिबॉडी रक्ताच्या गुठळ्या करते, तीच वारेत गुठळ्या करून पोटातलं मूल घालवते. हे डीएमएलटीच्या पुस्तकात 'खोट्या पॉझिटिव्हची कारणं' या यादीत होतं, मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. पाचव्या महिन्यात बाळाचे ठोके बंद झाले. तेव्हा ही गोष्ट कळली असती तर पुढच्या खेपेला अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनच्या इंजेक्शनवर ठेवतात तसं आधीच काही ठरवता आलं असतं का, हा विचार मी आता करत नाही, म्हणजे करतो, पण तिच्यासमोर काढत नाही.

२०१९ मध्ये परत कणकण, धाप, एक्स-रेत छातीत पाणी. आपल्याकडं तरण्या बाईच्या छातीत पाणी म्हणजे टीबी, आणि हे मी टोमणा म्हणून लिहित नाही, बहुतेक वेळा तो टीबीच असतो. सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. सुरवातीला महिनाभर बरोबर स्टिरॉइड होतं, त्यात तिला एकदम छान वाटलं, सांधे पण सुटले, आणि आम्ही म्हणालो बघा औषध लागू पडलं. लागू पडलं ते स्टिरॉइड होतं.

मग २०२०. लॉकडाऊन, तोंडाला मास्क, आणि तिच्या दोन्ही गालांवर नि नाकाच्या दांडीवर काळपट तांबूस डाग. कुणी म्हणालं मास्कची अ‍ॅलर्जी, कुणी म्हणालं वांग, मेडिकलमधून एक क्रीम आणलं, ते लावलं की डाग जायचे आणि बंद केलं की परत यायचे कारण त्यात स्टिरॉइड होतं. तोंड तर सारखं आलेलं असायचं, पण दुखायचं नाही, टाळूला आत फोड, 'उष्णता झालीय, सब्जा खा'. केस मूठ मूठ गळायचे. हिमोग्लोबिन ७.८, ईएसआर ११०, सीआरपी मात्र नॉर्मल, या दोन्ही शरीरात कुठं दाह आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट. हे शेवटचं जे आहे ना, ईएसआर आभाळाला आणि सीआरपी जागेवर, ही जोडी बघून मी तेव्हा मशीनवरच संशय घेतला आणि कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, परत लावला. मशीन ठीक होतं. जंतुसंसर्गात सीआरपी सहसा चढतोच, ल्युपसमध्ये मात्र आजार जोरात असतानाही तो पुष्कळदा गप्प बसतो, हे मला नंतर कळलं.

जानेवारी २०२१ ला पाय सुजले, सकाळी डोळे सुजायचे, लघवीला फेस. तेव्हा कुठं लघवी तपासली. अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन, तीन प्लस. मी ती ट्यूब तापवून पण बघितली, दह्यासारखी थिजली.

सोलापुरात एका फिजिशियननी फाईल मागितली, आणि नुसती शेवटची नाही तर सगळी, 'घरात जे काही कागद असतील ते पिशवीत भरून आणा' म्हणाले. दाजी खताच्या पिशवीत भरून घेऊन गेले. त्यांनी ते टेबलावर तारखेनं लावले आणि अर्ध्या तासात सांगितलं की हा ल्युपस वाटतोय. एएनए त्यानंतर पाठवली. ती १:६४० म्हणजे जोरात पॉझिटिव्ह आली (हा आकडा काय ते पुढं सांगतो), डीएस-डीएनए ही ल्युपसची जास्त नेमकी अँटिबॉडी पॉझिटिव्ह, सी३ आणि सी४ ही प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रोटीनं दोन्ही कमी, किडनीची बायोप्सी केली त्यात ल्युपसच्या किडनीच्या आजाराचा चौथा वर्ग. म्हणजे आधी संशय, मग टेस्ट. तुमच्या चौकटीत हे उलटं झालंय.

अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१९ मध्ये ल्युपससाठी गुणांची एक पद्धत केलीय. तिच्यात एएनए किमान १:८० असणं हे फक्त दार आहे, आत शिरल्यावर गुण मोजायचे, सांध्यांना सहा, फुलपाखरी डागाला सहा, छातीतल्या पाण्याला पाच, कमी प्लेटलेटला चार, लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर प्रोटीन जात असेल तर चार, तोंडातल्या फोडांना दोन, असं करत दहा झाले की ल्युपस म्हणून धरतात, आणि त्या लक्षणाला दुसरं जास्त पटणारं कारण असेल तर ते मोजायचंच नाही. बायोप्सीत किडनीचा तिसरा किंवा चौथा वर्ग निघाला तर एकट्याचेच दहा. ही पद्धत खरं म्हणजे संशोधनात कुणाला घ्यायचं हे ठरवायला आहे, डॉक्टर नऊ गुणांवर पण उपचार करू शकतो, पण त्यातलं एक वाक्य मला फार लागलं, की ही लक्षणं सगळी एकाच वेळी असायची गरज नाही. कधीतरी एकदा होऊन गेलेलं पण धरायचं. २०१७ चे सांधे, २०१९ चं पाणी, २०२० चे डाग, सगळे एकाच माणसाच्या खात्यावर. आणि आपल्याकडं होतं काय, दर खेपेला नवा डॉक्टर, नवी फाईल, जुने कागद गादीखाली किंवा देव्हाऱ्याच्या मागं, आणि डॉक्टर विचारतात 'आधी काही आजार?' तर आपण सांगतो 'काही नाही, मध्ये जरा चिकनगुनिया झालेला'.

आता एएनएचं सांगतो. पेशीच्या केंद्रकाविरुद्ध शरीरानंच तयार केलेल्या अँटिबॉडी ही टेस्ट शोधते. काचेवर वाढवलेल्या माणसाच्या पेशींवर रुग्णाचं रक्तजल टाकायचं, वर चमकणारा रंग, आणि अंधारात मायक्रोस्कोपखाली हिरवं काय दिसतं ते बघायचं. १:८० म्हणजे ऐंशी पट पातळ केलं तरी चमकतंय. आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात एलई सेल नावाची टेस्ट होती, १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधलेली, एका पांढऱ्या पेशीनं दुसरीचं केंद्रक गिळलेलं शोधत बसायचं, आमच्या सरांनी एकच स्लाइड जपून ठेवलेली आणि दरवर्षीच्या पोरांना तीच दाखवायचे. एएनए त्याच्यापेक्षा कितीतरी पट बरी. ल्युपस असलेल्या शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांत ती पॉझिटिव्ह येते, म्हणून चांगल्या पद्धतीनं केलेली एएनए निगेटिव्ह आली तर ल्युपस बहुतेक नाही असं म्हणता येतं. उलटं मात्र म्हणता येत नाही. धडधाकट माणसांत पण १:८० ला शंभरातले तेरा-चौदा पॉझिटिव्ह निघतात, १:१६० ला पाच. थायरॉइडच्या आजारात येते, टीबीच्या आयसोनायझिड गोळीनं येते, वय झालं की येते.

आणि हल्ली हे चेकअपचं पॅकेज निघालंय, सत्तर-ऐंशी टेस्ट एकदम, त्यात कुठं कुठं एएनए पण घुसवतात. मागच्या वर्षी कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडं रडत आली, कुठलंही लक्षण नाही, एएनए १:८०, मोबाइलवर वाचून तिनं स्वतःला ल्युपस लावून घेतलेला आणि आईनं तिच्या ठरत आलेल्या लग्नाची बोलणी थांबवलेली. मी सही करू शकत नाही पण शपथ घेऊ शकतो म्हणालो, बाई तुला काही नाही, तरी सोलापूरला दाखवून ये. दाखवून आली, काही नव्हतं. म्हणजे माझी बहीण टेस्ट न केल्यानं अडकली आणि ही टेस्ट केल्यानं. तुमचं ते एक वाक्य वाचून अशा किती जणी लॅबमध्ये येतील, धंदा माझाच वाढेल, पण नको.

उलट जी टेस्ट मागायला पाहिजे ती कुणी मागत नाही. लघवीची साधी तपासणी. माझ्याकडं ८० रुपये, सरकारी दवाखान्यात त्याहून कमी. ल्युपस किडनीला धरतो तेव्हा किडनी दुखत नाही, कंबर दुखते ती दुसऱ्या कारणानं. आणि बेबीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायची रक्ताची टेस्ट, त्या जानेवारीत ०.८ होतं, एकदम नॉर्मल! क्रिएटिनिन नॉर्मल म्हणून लोक निर्धास्त होतात, ते वाढेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान झालेलं असतं, प्रोटीन आणि लाल पेशी त्याच्या कितीतरी आधी लघवीत दिसतात. गरोदरपणात तिची लघवी तपासली होती, तेव्हा काही नव्हतं. त्यानंतर अडीच वर्षं रक्त मी किमान सात वेळा काढलं असेल, लघवीची डबी एकदाही हातात दिली नाही. डॉक्टरांनी लिहिली नव्हती हे खरं, पण भाऊ म्हणून मी दिली असती तर मला कोण अडवणार होतं. ज्या बाईला महिनोन्महिने सांधे, ताप, गळणारे केस, येणारं तोंड असलं काही चालू आहे तिनं ही एक तपासणी मागून घ्यावी, आणि एकदा अल्ब्युमिन दिसलं तर परत करून प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण काढून घ्यावं.

आता ते चित्र. आपल्या रंगावर तो डाग लालभडक दिसतच नाही, तांबूस काळपट, कधी जांभळट दिसतो आणि म्हणून त्याला वांग म्हणून सोडून देतात. वांग सपाट असतो, हळूहळू वाढतो. ल्युपसचा डाग उन्हात राबून आलं की एक-दोन दिवसांत भडकतो, जरा उठावाचा असतो, जळजळतो, आणि नाकाच्या बाजूनं ओठाकडं येणारी जी घडी असते ती बहुतेक वेळा सोडून देतो. बागेत छाटणीला जाणाऱ्या बायकांना ऊन लागतंच, त्यामुळं ऊन आणि डाग यांचा संबंध त्यांच्या लक्षातच येत नाही, सगळ्यांचेच चेहरे रापलेले. दुसरा एक प्रकार कानाच्या आतल्या खळग्यात आणि डोक्यात होतो, तो खड्डा पाडून जातो आणि तिथं केस परत येत नाहीत. पुढच्या वेळी आपल्याकडच्या चेहऱ्याचा फोटो छापा, त्वचेच्या डॉक्टरांकडं नक्की असतील.

ल्युपसची भावंडं पण आहेत आणि ती पण अशीच चुकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुहानी भटनागर ही १९ वर्षांची अभिनेत्री गेली तेव्हा डर्मॅटोमायोसायटिस हा शब्द पेपरात आला आणि आठवड्यात विसरला गेला. त्यात स्नायू सुजतात. माझ्याकडं एक बाई सहा महिने 'लिव्हर'च्या पथ्यावर होत्या कारण एसजीओटी, जी लिव्हरची टेस्ट म्हणून धरतात, ती २१० म्हणजे वाढलेली होती, तेलतूप बंद, उसाचा रस चालू. बिलिरुबिन नॉर्मल. त्यांना जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायचा आणि वेणी घालताना हात वर राहायचे नाहीत. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूत पण असतं, सीपीके ही स्नायूंची टेस्ट केली तर आकडा हजारांत. या वेळेला मी गप्प बसलो नाही, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी राग मानला नाही हे सांगितलं पाहिजे. स्क्लेरोडर्मात थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरी फटक, मग निळी, मग लाल होतात, पुढं कातडी आवळत जाते, अंगठी निघत नाही. शोग्रेनमध्ये तोंडाला कोरड, सुकी भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यात वाळू गेल्यासारखं. काहींना यातलं थोडं थोडं सगळंच असतं. आणि हे फक्त बायकांचंच असं पण नाही, ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका हे खरं, पण दहावा पुरुष असतो आणि त्याचं निदान बहुतेक आणखी उशिरा होतं, कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

बेबी आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर आहे, २०२० च्या मार्चमध्ये कोरोनावरची म्हणून जिच्यासाठी पळापळ झाली तीच गोळी. तेव्हा ल्युपसच्या जुन्या रुग्णांना ती मिळेना झाली होती, आणि मी स्वतः दोन स्ट्रिप घरात आणून ठेवल्या होत्या, हे पण आता लिहूनच टाकतो. शिवाय मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, स्टिरॉइड अगदी कमी करत आणलंय, वर्षाला डोळे तपासते कारण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन फार वर्षं घेतली तर क्वचित पडद्यावर परिणाम करते. बागेत जाते, पण उन्हं कलल्यावर, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. दर दोन महिन्यांनी डबी घेऊन येते, मागच्या खेपेला अल्ब्युमिन निल, म्हणजे अजिबात नाही.

तेवढं दुरुस्तीचं छापा. जागा कमी पडली आणि पत्र कापायचं झालं तर आमच्या घरची गोष्ट कापा, व्हीडीआरएलचा भाग पण कापला तरी चालेल, दाजींना तो बहुतेक आवडणार नाही. लघवीचा परिच्छेद मात्र ठेवा.

आपला,
एक लॅबवाला, सांगोला